टिकटिकणारे बांगडे

चौऱ्याऐंशीचा तो अख्खा उन्हाळा मुंबईच्या प्रयोगशाळेत किरणोत्सर्ग मोजण्याच्या यंत्राने राहीचा जीव खाल्ला. साऱ्या किनाऱ्यावरचे सुके मासे यंत्रापुढे जेमतेम कुजबुजत. मांडवीहून आईने पाठवलेले बांगडे मात्र टिकटिकत सुटत. स्वप्नातसुद्धा ती टिकटिक तिला लाटांमधून ऐकू येई. "तुमच्या समुद्रातच काहीतरी आहे," असं सर म्हणाले, तशी ती तणतणत मांडवीला घरी आली.

मागल्या दारी आई सुकवायचे बांगडे साफ करत होती. मासा हातातून निसटू नये म्हणून, जन्मभराच्या सवयीने, नारळाच्या सोडणांच्या राखेत बोटं बुडवत होती. त्या राखेत पोटॅशियम, आणि पोटॅशियम मुळातच किंचित किरणोत्सर्गी. राही पायरीवर मटकन बसली. माडांच्या सावल्या अंगणात पाण्यासारख्या हलत होत्या.

"आये, समुद्रात काय नाय गो. तुझ्या चुलीतली राख वाजते माझ्या यंत्रात."

"किती दिवस वाजंल?"

"अब्जावधी वर्षं."

आईने राखेचा हात पदराला पुसला.

"मग बरा झाला गो. मुंबयत एकटी नाय पडायचीस."