जमिनीवरचे थेंब

"मिरची घालायची नाही म्हणजे नाही! मोहरी नाही, हळदसुद्धा नाही." श्यामराव साहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पुन्हा तेच सांगत होते.

"मंग माशाले चव कशी येईल जी?" आचारी तेजरामनं विचारलं.

"मीठ, लिंबू, लोणी. बस! फ्रान्समध्ये असाच खातात. मसाला पडला की वाईन मेली समज."

श्यामराव साहेब ट्रेनिंगसाठी फ्रान्सला काय जाऊन आले, साऱ्या स्मृती नगर कॉलनीच्या कानांना विश्रांती नव्हती. येताना त्यांनी पांढऱ्या वाईनची एकच बाटली आणली होती. तिला गारवा हवा म्हणून कालपासून फ्रीज उघडायला घरात बंदी होती. त्यांच्या बायकोचं, वसुंधराबाईंचं, दूध बाहेर राहून नासलं, पण बाटलीपुढे दुधाचं काय चालणार!

तेजराम मान खाली घालून रोहूचे तुकडे लोण्यात परतत होता. बाजूच्या शेगडीवर मटणाचा रस्सा रटरटत होता. आज एक शब्द वाकडा जाऊ द्यायचा नाही, असं त्यानं घरूनच ठरवलं होतं. जेवायला साहेबांचे मित्र भैय्याजी आले होते. कुम्हारीजवळच्या एका कारखान्याचे मॅनेजर. त्यांच्या गेस्ट हाउसला आचारी हवा होता, कायमचा, राहायला खोलीसकट. लग्नाकार्यात भट्ट्या पेटवत फिरणाऱ्या तेजरामला अशी नोकरी पुन्हा कधी मिळणार? रुआबांधा वस्तीतल्या त्याच्या गळक्या घरात बायकोनं, कौशल्येनं, तर भांडी बांधायला गोणपाटही काढून ठेवलं होतं.

सकाळी आल्या आल्या भैय्याजींनी विचारलं होतं, "पीत तर नाही ना बे? आमचा पह्यला आचारी तेच्यातच गेला."

"नाही जी," तेजराम म्हणाला होता. खोटं नव्हतं ते. पण पुरतं खरंही नव्हतं.

एके काळी तेजराम पीत होता, आणि असा पीत होता की विचारू नका. मोहाची भट्टी म्हणजे त्याचं दुसरं घर. कौशल्येच्या अंगावरचं डोरलं तेवढं राहिलं, बाकी सगळं त्या भट्टीत गेलं. मग एका पोळ्याला बैलांसमोर तो चिखलात लोळला, सारी वस्ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं कौशल्येच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तेव्हापासून तो संध्याकाळी घरी आला, की कौशल्या तोंडाजवळ तोंड आणून वास घ्यायची. बोलायची काही नाही. वास घ्यायची आणि ताट वाढायची. तेजरामला त्याचा राग नव्हता, उलट अभिमानच होता. दुसरे नवरे गजरा नेतात, आपण स्वच्छ तोंड नेतो, असं त्याला वाटे.

बाहेर श्यामराव साहेबांनी बाटली उघडली. ग्लास गोल गोल फिरवला, त्यात नाक खुपसलं आणि डोळे मिटले. भैय्याजींनी घोट घेतला मात्र, त्यांचं तोंड चिंच चावल्यागत झालं.

"खट्टी है यार!"

"याला ड्राय म्हणतात. नुसती आंबट लागते, माशाबरोबर खुलते. आणि तोच घोट आपल्या मटणाच्या रश्श्यावर घेतला तर कडू जहर."

"तू तर फेकूनच राहिला. तिकडे आचारी बाहेर येऊन चव सांगतो म्हणे ना? मग बोलाव तुझा आचारी!"

तेजराम हात पुसत आला. समोर ग्लास धरलेला पाहून तो दोन पावलं मागे सरकला.

"मी नाही घेत जी."

"अबे, ही दारू नव्हे. अंगुराचं पाणी आहे," श्यामराव म्हणाले.

"अहो, कशाला त्याला?" वसुंधराबाई दारातून म्हणाल्या.

"तू मधे बोलू नको."

भैय्याजी पुढे झुकले. "आमच्याकडे फॉरेनचे पाहुणे येतात. तुले चवच कळत नसंल तर तू काय कामाचा? नोकरी पाहिजे का नाही?"

सोडली आहे, असं सांगावं तर आधी पीत होतो हे कबूल करावं लागणार. घ्यावी तर कौशल्येच्या डोक्यावरचा तो हात. तेजराम पुरता कात्रीत सापडला होता. अंगुराचं पाणी, त्यानं मनाशी घोकलं. पाणीच तर आहे. त्यानं ग्लास घेतला.

आणि ओठाला लावायच्या आधी त्याचं बोट आपोआप ग्लासात बुडालं. थेंब फरशीवर उडाले. एकदा, दोनदा, तीनदा. भट्टीवर बसणारा प्रत्येक जण आधी धरतीला तिचा वाटा देतो, मगच पितो. तेजरामच्या बोटानं तेच केलं आणि त्याला कळलंही नाही. मग त्यानं घोट घेतला. गार, आंबट, बाकी काही नाही. आग नाही, झिंग नाही. त्याला केवढं हायसं वाटलं! चव सांगायला म्हणून त्यानं हसून वर पाहिलं.

चव कोणी विचारतच नव्हतं. सगळे फरशीकडे बघत होते.

"अरे वा! हा तर मुरलेला निघाला!" भैय्याजी मांडीवर थाप मारून हसले. त्यांनी आपल्या ग्लासात बोट बुडवलं, फरशीवर शिंतोडे उडवले. "घे धरतीमाय!" श्यामराव साहेबांनीही उडवले. भैय्याजींनी हसता हसता तेजरामच्या पाठीत अशी थाप घातली की हातातला ग्लास त्याच्याच सदऱ्यावर सांडला.

"सकाळी काय बोलला होता बे?"

"सोडली जी. बायकोच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली."

"शपथ घेतली, अन् आता काय पिला?"

तेजरामनं रिकामा ग्लास खाली ठेवला.

"बायकोची शपथ एका घोटात मोडतो, अन् म्या तुले गेस्ट हाउसच्या बाटल्यांपाशी ठेवू?" भैय्याजींचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "जाय, रस्सा आण. अन् हे पुसून घे."

तेजरामनं गुडघ्यावर बसून थेंब पुसले. मग रस्सा आणला. बोटं चाटत त्या दोघांनी तो भांड्याच्या बुडापर्यंत संपवला. निघताना वसुंधराबाईंनी गुपचूप त्याच्या हातावर वेलदोडे ठेवले. "तोंडात टाका, वास जाईल."

पूर्वी भट्टीवरून परतताना तो वेलदोडेच चघळायचा. फाटकाबाहेर येताच त्यानं ते नालीत टाकले.

घरी पोचला तेव्हा ऊन अंगणातच होतं. कौशल्या धावत पुढे आली. "झालं का जी? खोली कवा देतेत?" आणि सवयीनं तोंडाजवळ आली. थांबली. मग सदरा हातात धरून तिनं वास घेतला.

"काऊन?" तिनं एवढंच विचारलं.

"साहेबानं पाजली व. जबरदस्तीनं."

बोलला, आणि त्याला स्वतःचाच आवाज ओळखू आला. पूर्वी रोज हेच सांगायचा तो, याच शब्दांत, याच उंबऱ्यावर उभा राहून.

 कौशल्या आत गेली, तिनं ताट वाढून आणलं आणि ओसरीवर ठेवलं, पूर्वी ठेवायची तसं. बाजूला तांब्या ठेवला. गोणपाट उचलून आत नेलं आणि आतून कडी घातली.

तेजराम ताटावर बसला. ताटाभोवती पाणी फिरवायला त्यानं बोटं तांब्यात बुडवली. ती वर आली तेव्हा थेंब जमिनीवर पडायला लागले. त्यानं मूठ गच्च मिटली आणि भात निवेपर्यंत तसाच बसून राहिला.