वर, खाली की अधांतरी

लिफ्टमध्ये अडकले त्या दिवसापासून बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, खाली उतरणंच सोडलं. वीज गेली, लिफ्ट दोन मजल्यांच्या बरोबर मधे लटकली आणि गुडघ्यांनी केव्हाच दगा दिलेला हा माणूस अंधारात चाकांच्या खुर्चीत बसून राहिला. जिना त्यांना जमत नाही, आणि लिफ्टचं नाव काढलं की ते खिडकीकडे तोंड फिरवतात. त्या लिफ्टचा प्रोग्रॅम माझा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

उपाय माहीत होता. वीज गेली की लिफ्टने बॅटरीवर जवळच्या मजल्यापर्यंत जायचं आणि दार उघडायचं. पण त्या जुन्या चिपमध्ये मुंगी शिरायलाही जागा उरली नव्हती. सी भाषेत रचलेल्या माझ्या 'जर, तर, नाहीतर'च्या उतरंडींनी ती गच्च भरली होती.

माझी नणंद आमच्याच कंपनीत चाचणी विभागात आहे. या उपायासाठी मी लिहिलेला तुकडा तिने वाचला आणि ती हसत सुटली.

"वहिनी, तू बोलतेस तशीच लिहितेस गं! वरचा मजला जवळ असेल तर वर जा, नाहीतर खालचा जवळ असेल तर खाली जा, नाहीतर थांब. कुणाला समजावतेस एवढं?"

"मशीनला, वन्सं. तुम्हाला समजावून उपयोग नसतो." चिडले की मी तिला वन्सं म्हणते.

ती उठली. वरच्या मजल्याचं अंतर 'व', खालच्याचं 'ख', असं म्हणत तिने फळ्यावर एकच ओळ लिहिली:

(व < ख) - (व > ख)

"सीमध्ये तुलनेचं उत्तर हा आकडाच असतो. खरं असेल तर एक, खोटं असेल तर शून्य. मग कर की वजाबाकी!"

मी केली. वरचा मजला जवळ असेल तर एक वजा शून्य, म्हणजे एक: वर. खालचा जवळ असेल तर शून्य वजा एक, म्हणजे उणे एक: खाली. अंगावर सर्रकन काटा आला. इतकी वर्षं मी प्रश्न विचारत होते, उत्तर आलं की नुसता रस्ता ठरवत होते आणि उत्तर फेकून देत होते. मोटरला सांगायचा आकडा त्या उत्तरातच होता! मग मी सगळा प्रोग्रॅम तसाच विंचरून काढला. बाबांसाठी जागा झाली.

पण चाचणीवाल्यांचा धर्मच कुरापतीचा. स्वतःच्या ओळीलाही नणंदेने सोडलं नाही. कारखान्यातल्या चाचणीच्या लिफ्टची वीज तिने बरोबर मधोमध असताना तोडली. लिफ्ट हललीच नाही.

"शून्य वजा शून्य," ती हळूच म्हणाली.

दोघींनाही एकदम बाबा आठवले. तेही असेच मधोमध अडकले होते. खडू उचलून मी दुसऱ्या कंसातल्या > पुढे एक बरोबरीचं चिन्ह काढलं. आता दोन्ही अंतरं सारखी असली तरी दुसरी तुलना खरी ठरणार होती आणि शून्य वजा एक होणार होतं. लिफ्ट खाली जाणार होती. एवढ्याशा दोन रेघा!

आमच्या इमारतीत नवा प्रोग्रॅम बसवला. वीज मुद्दाम तोडणार हे सांगून बाबांचं मन वळवायला आख्खी सकाळ गेली. "तू बसशील माझ्याबरोबर?" त्यांनी विचारलं. मी बसले. तळमजल्यावर विजेच्या मुख्य बटणापाशी नणंद उभी होती, आणि ती नेमकी कुठे वीज तोडणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

मधोमध अंधार झाला. बाबांनी माझं मनगट गच्च धरलं. क्षणभर काहीच घडेना. मग पायाखाली बारीक घरघर झाली, लिफ्ट हळूच खाली सरकली आणि दार उघडलं. समोर खिडकीतून ऊन आलं होतं.

बाबा उंबऱ्याकडे बघत राहिले.

"कुणी सांगितलं या लिफ्टला?"

"कुणी नाही, बाबा. तिनेच बघितलं, कुठं जायचं ते."

त्यांनी मनगट सोडलं. मग जिन्याकडे मान वळवून लेकीला मोठ्याने हाक मारली, "वीज लाव गं! मला पार खालपर्यंत जायचंय."