पाक दार्सोनोंचा होकार

रिकामा पेला पाक दार्सोनोंनी डाव्या हाताने परत दिला आणि परिचारिका विगाती जागीच थबकली. त्यांचा उजवा हात पांघरुणावर मोकळा होता. त्याला ना सुई होती, ना नळी. काल त्याच हातात सलाईन असताना डाव्या हाताने गोळी घ्यावी लागली, म्हणून सगळे ज्यांना आदराने 'पाक' म्हणत, त्या या निवृत्त शिक्षकांनी तिची दोनदा क्षमा मागितली होती. जावा बेटावरच्या सेमारंगमध्ये लहान मूलसुद्धा कुणाला डाव्या हाताने काही देत नाही.

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरचा आज तिसरा दिवस. दहा वाजता त्यांना अतिदक्षता विभागातून वॉर्डात हलवायचे होते. घड्याळात साडेनऊ झाले होते. वॉर्डात एका परिचारिकेकडे बारा रुग्ण असत. इतका शांत माणूस तिथे कुणाच्या नजरेस पडणार?

"बू कुस्रिनी, यांना डिलिरियम आहे, मेंदूचा गोंधळ उडालाय. सौम्य आहे, पण आहे," विगाती मुख्य परिचारिकेला म्हणाली.

"अगं, ते ओरडत नाहीत, नळ्या उपटत नाहीत. सगळ्यांना हो म्हणतात बिचारे. असे दहा पेशंट दे मला."

"तेच तर. आपण विचारतो काय? बरं वाटतंय ना? झोप लागली ना? हो म्हटलं की उत्तर बरोबर."

कुस्रिनीबाईंचे लिहिणे थांबले. विगातीने आपले बोट पाक दार्सोनोंच्या तळहातात ठेवले. "पाक, मी अक्षरं म्हणते. 'अ' आला की बोट दाबायचं हं." तिने दहा अक्षरे म्हटली. त्यांनी दहाही वेळा हलकेच, अदबीने बोट दाबले.

"दगड पाण्यावर तरंगतो का, पाक?"

"हो, हो," ते हसून म्हणाले.

तेवढ्यात डॉक्टर हुताबारात आले. सुमात्रा बेटावरून आलेला, बटाक जमातीचा हा गृहस्थ फार मोकळा बोले. "तुम्हा जावावाल्यांना नाही म्हणता येत नाही, त्याचा आजार करू नका. मास्तर, एक किलो दोन किलोंपेक्षा जड ना?"

"हो, डॉक्टर."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "बरं. कारण शोधा. औषधं, ताप, ऑक्सिजन, लघवी."

विगातीचे बोट तक्त्यावरून झरझर फिरू लागले. ताप नव्हता, ऑक्सिजन ठीक होता. लघवीची नळी काल संध्याकाळी काढली होती. पुढे नोंद होती: लघवी झाली, असे रुग्णाने सांगितले. एवढेच. मोजमाप कुठेच नव्हते.

"अक्षर माझंच आहे," कुस्रिनीबाई म्हणाल्या. "मीच विचारलं होतं, झाली ना म्हणून." आणि सोनोग्राफीचे छोटे यंत्र आणायला त्या स्वतःच धावल्या.

मूत्राशयात नऊशे मिलिलिटर लघवी साचली होती. मग कुणी थांबले नाही. विगातीने नळी घातली. डॉक्टरांनी झोपेचे औषध बंद केले. कुस्रिनीबाईंनी वॉर्डाला फोन करून हलवणे रद्द केले, उजेड यावा म्हणून खिडकीचा पडदा सारला आणि बाहेर बसलेल्या त्यांच्या पत्नीला त्यांचा चष्मा घेऊन आत बोलावले.

"काय विगाती, आता माझी परीक्षा घेणार का?" डॉक्टरांनी विचारले.

"घेईन की. पण ज्याचं बरोबर उत्तर 'हो' नाही, असाच प्रश्न शोधावा लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पलंगाशी उभे राहून विचारले, "मग मास्तर, आज जायचं ना वॉर्डात?"

पाक दार्सोनोंनी चष्म्यातून त्यांच्याकडे नीट पाहिले. "माफ करा, डॉक्टर. आज नको. टाक्यांपाशी फार दुखतंय."

विगातीने घाईघाईने तक्ता ओढला आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले.