घोंगडीचं ठिगळ

बोलतेय ती मी, धावपट्टीच्या टोकाला खांबावर लटकणारी कापडी पिशवी. दोन्ही तोंडं उघडी, आत काही नाही. विमानवाले मला विंडसॉक म्हणतात. वारा कुठून येतो आणि किती जोराने, एवढंच सांगायचं माझं काम. तेवढंही एकदा माझ्याकडून झालं नाही, आणि त्याची लाज अजून जात नाही.

राजधानीत, मासेरूतल्या एका शिवणयंत्रावर माझा जन्म झाला. झिरझिरीत केशरी कापड, वजन जवळजवळ नाहीच. तिथून मी डोंगरातल्या या दवाखान्यापाशी आले. इथली धावपट्टी म्हणजे उतारावरचं गवत. वरच्या अंगाला दवाखाना, खालच्या अंगाला कडा, आणि कड्यापाशी मी. विमानाने चढाच्या बाजूने उतरायचं आणि उताराच्या बाजूने उडायचं, दुसरी सोयच नाही.

पट्टीवरच्या मेंढ्या हाकलायच्या म्मे मापुलेंगने. म्मे म्हणजे आई. इथे वडीलधारी बाई सगळ्यांचीच आई, आणि पुरुष न्ताते, म्हणजे बाबा. तिने एकदा वैमानिकाला, न्ताते त्सेलिसोला, अडवलंच.

"न्ताते, एवढं लोखंड वर राहतं कसं? खरं सांगा, काही जडीबुटी बांधता ना?"

"बांधतो की, शेपटीला!" तो हसला. मग तिचा हात धरून पंखावर ठेवला. "बघा, वरून फुगीर, पुढून जरासा उचललेला. पळताना हा हवेला खाली दाबतो आणि हवा याला वर ढकलते. हवा जितक्या जोरात अंगावर येईल तितकं बळ जास्त."

"मग वारा समोरून आलेला बरा."

"शाबास! तुम्हीच चालवा आता विमान. समोरचा वारा म्हणजे निम्मं काम फुकटात. पण पाठीमागून आला, की चाकं धावतात भरधाव आणि पंखाला मात्र हवा कमीच लागते. पट्टी संपते, विमान उठत नाही. म्हणून मी आधी तुमच्या त्या पिशवीकडे बघतो."

त्या दिवशी मी वारा नसतानाही फुगले असते.

पण चार वर्षांच्या गारांनी आणि उन्हाने माझ्या चिंध्या झाल्या. नवी पिशवी मागवली होती, ती येता येईना. मापुलेंगला माझी दशा बघवेना. "पाहुणा आधी हिलाच बघतो. गावाची अब्रू अशी फाटकी टांगायची?" असं म्हणत तिने स्वतःच्या लग्नातल्या घोंगडीचा तुकडा कापला आणि माझ्या पोटाला शिवला. जाड लोकर, किरमिजी रंग, त्यावर मक्याची पिवळी कणसं. बायका मुद्दाम बघायला आल्या. मी हरखून गेले.

आणि जड झाले. हलका वारा मला उचलेनासा झाला. हे मला कळत होतं. पण खाली लोंबले की कणसं सरळ दिसायची, लोक कौतुक करायचे, आणि मला ते आवडायला लागलं होतं.

मग मापुलेंगच्या सुनेचे दिवस भरले. लग्नातच सासरी तिचं नाव मातुमेलो, म्हणजे तुमेलोची आई, असं ठेवलेलं; पहिल्या बाळाचं नाव तुमेलो हे तेव्हाच ठरलेलं. पण तुमेलो पोटात आडवं बसलं होतं. नर्स म्हणाली, "मासेरूला नेऊन पोट उघडावं लागेल, आणि आजच." त्सेलिसो विमान घेऊन आला.

रात्रीच्या धुक्याने माझी लोकर चिंब भिजलेली. वर दवाखान्याच्या आडोशाला पान हलत नव्हतं, पण डोंगरावरून थंड वारा उतरून माझ्यापाशी कड्याकडे वाहत होता. विमानाच्या नेमका पाठीमागून. तो मला ढकलत होता आणि मी नुसती लोंबत होते.

त्सेलिसोने माझ्याकडे बघितलं. "वारा पडलेला आहे. चला!"

विमान धावत आलं. चाकं जमीन सोडेनात. ते माझ्या शेजारून गेलं, खिडकीत मातुमेलोचा चेहरा दिसला, आणि विमान कड्यावरून खाली गेलं. दिसेनासं झालं.

मापुलेंग मटकन गवतात बसली. मी तशीच लोंबत होते, कणसं सरळ.

मग दरीतून घरघर वर आली. त्सेलिसोने नाक खाली घालून विमान दरीत सोडलं होतं, वेग मिळवला होता, आणि आता ते समोरच्या डोंगराच्या कडेने वर चढत होतं. संध्याकाळी निरोप आला, बाळ-बाळंतीण सुखरूप.

पुढच्या खेपेला त्सेलिसोने माझी लोकर हातात धरून पिळली. पाणी गळालं. तो रागावला नाही.

"म्मे, शिवण सुरेख आहे. पण हिला फाटकंच राहू द्यायचं होतं."

मापुलेंगने डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढला. "माझ्याच हाताने मारणार होते मी त्यांना," ती म्हणाली. मला ओरडावंसं वाटलं, अगं, तुला ठाऊक नव्हतं. मला होतं!

आता खांबावर नवी पिशवी आहे. ठिगळ उसवून मापुलेंगने तुमेलोच्या दुपट्याला जोडलं. मी दवाखान्याच्या ओसरीत खुंटीला असते. तुमेलो दोन वर्षांची झाली. ती येते, माझं तोंड दोन्ही हातांनी धरते आणि गाल फुगवून आत फुंकर मारते.

नवीला माझं एकच सांगणं आहे. तुला कुणी सजवू लागलं, तर जीव तोडून फडफड. शिवणाऱ्या हाताला टाका घालता येऊ देऊ नकोस.

मी तुमेलोच्या तेवढ्याशा फुंकरीनेही उठते. दरवेळी उठते. ती खिदळते, आणि तिच्या अंगावरच्या कणसांकडे बघायची माझी हिंमत होत नाही.