टोप्या घातलेली भिंत

मैदानावर चार चेंडू होते, त्यांतला एक हवा धरत नव्हता. गोल एकच, तोही जाळीविना. आणि आम्ही पाच जण. मी त्यांतला मधला, बांबूचा जुना पुतळा. मित्रांनो, फ्री किकच्या वेळी समोरच्या संघाच्या मुली खांद्याला खांदा लावून भिंत करतात. सरावात ती भिंत म्हणजे आम्ही. प्रशिक्षक मिएनताईंनी आम्हाला स्वतः विणलं आणि लाल नदीकाठच्या या गावात रोवलं.

मुली भातखाचरांतून थेट सरावाला यायच्या. पानांच्या टोकदार टोप्या खाली ठेवल्या की बदकं त्यांत जाऊन बसत, म्हणून मुली त्या आमच्या डोक्यांवर ठेवत. माझ्या वाट्याला थोआची टोपी येई. चेंडू आमच्यावरून वळवावा तर तिनंच. प्रांताच्या संघात निवड झाली नाही, तर टेटच्या, म्हणजे नववर्षाच्या सणानंतर तिला मावशीबरोबर शिवणकारखान्यात जावं लागणार होतं.

तालुक्याला झालेल्या पहिल्या निवड सामन्यात तिच्या तिन्ही किक गोलावरून गेल्या.

“पाखरं मारत होतीस का गं?” परत आल्यावर मैत्रीण लुआ म्हणाली.

“भिंतीवरून तर गेला ना चेंडू?”

“भिंतीवरून? सुपारीच्या झाडावरून गेला तो.”

“या बुजगावण्यांनीच पोरीचा पाय बिघडवला,” मिएनताई म्हणाल्या आणि त्यांनी आम्हाला उपटून तळ्याकाठी टाकलं. अंगावर शेवाळ चढलं. संपलं आपलं, असं मला वाटलं.

एका सकाळी थोआनं मला उचलून बोडकंच उभं केलं आणि शेजारी उभी राहिली.

“ताई, हा तर माझ्याएवढाच आहे.”

“मग?”

“मग आपण इतके दिवस टोपीवरून मारत होतो. वीतभर उंच. सामन्यात कोण टोपी घालतं?”

मिएनताईंनी तिच्या आणि माझ्या डोक्यावर आडवा हात धरून पाहिला. मग म्हणाल्या, “टोप्या कुंपणावर ठेवा. बदकं हाकलायला लुआ.”

“मीच का?”

“तुझा आवाज मोठा आहे.”

मित्रांनो, रोजच्या वापरातली वस्तू माणसाला सवय लावते. तिला जपा, पण अधूनमधून तिच्याशेजारी उभं राहून तिला मापूनही पाहा.

दुसरा निवड सामना आमच्याच मैदानावर झाला; त्यासाठी समोर बांबूचा दुसरा गोल उभारला होता. मी कुंपणाला टेकून होतो. वीस मीटरवरून थोआनं मारलेला चेंडू भिंतीतल्या सर्वांत उंच मुलीच्या डोक्याच्या चार बोटं वरून गेला आणि आडव्या दांड्याच्या दोन विती खालून आत शिरला. संध्याकाळी प्रांताच्या संघाची अठरा नावं वाचली गेली. थोआचं अकरावं.