टेपचा पाचवा वेढा

"अंगठा अजून घट्ट बांध," फाउस्तो म्हणाला, आणि मनाशे किहीमकरांनी टेपचा पाचवा वेढा घातला.

मागच्या हंगामात तीन वेढ्यांत भागत होतं. मिल लेन रोव्हर्सच्या ड्रेसिंग रूममधल्या लाकडी बाकावर दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. फाउस्तो मार्केत्ती, वय एक्केचाळीस, इटलीहून आलेला गोलकीपर. मनाशे, वय सदुसष्ट, क्लबचे किटमन, म्हणजे शर्ट धुणारे, बूट पुसणारे, चेंडूत हवा भरणारे, आणि गेली सहा वर्षं दर शनिवारी फाउस्तोची बोटं बांधणारे. गोलकीपरची बोटं कधी ना कधी मोडलेलीच असतात. सामन्याआधी ती जोडीजोडीनं बांधायची आणि मग हातमोजे चढवायचे, ही रीत.

मनाशेंनी उजवा हात उलटा केला. अंगठा आणि तर्जनीच्या मधे जो मांसाचा उंचवटा असतो, तिथे खळगा पडला होता. चमचाभर पाणी राहील एवढा. खळग्यातल्या कातडीखाली काहीतरी फुरफुरत होतं, आपोआप, थांबून थांबून. फाउस्तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. मनाशेंनी त्या जागेवरून टेप फिरवला आणि खळगा दिसेनासा झाला.

"दुखतंय?"

"दुखत असतं तर बरं होतं," फाउस्तो हसून म्हणाला. "जुनी हाडमोड आहे. थंडीत आखडते."

ऑक्टोबर महिना होता, आणि थंडी अजून पडायचीच होती.

मनाशे मूळचे माझगावचे, बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. चौसष्ट साली लंडनला आले, तीस वर्षं टपालाची वर्गवारी करण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर वेम्बलीतल्या घरापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या या क्लबात येऊन चिकटले. कोकणात त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. त्यांचाच वंशज शनिवारी पंधरा जणांचे मळके शर्ट मशीनमध्ये कोंबतो, हे त्यांच्या पत्नी सिमाबाई घरी आलेल्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकवत. मनाशे त्यावर मान हलवत आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जात. देवाशी त्यांनी आपलं परस्पर मिटवून घेतलं होतं.

फाउस्तो मात्र आयुष्यभर बाकावर बसलेला माणूस. इटलीत एकोणीस वर्षांत तो सात क्लबांतून फिरला आणि सगळीकडे राखीव गोलकीपरच राहिला. राखीव गोलकीपरची नोकरी मोठी चमत्कारिक. रोज सगळ्यांएवढाच घाम गाळायचा आणि शनिवार-रविवार कोट घालून बसायचं. पहिल्या गोलकीपरचं काही मोडलं तरच आपली पाळी, आणि मोडावं अशी इच्छा तर करायची नाही. एकोणीस वर्षांत त्याला अकरा सामने मिळाले. मग लग्न मोडलं, एका चुलतभावानं लंडनला बोलावलं, बेकरीची व्हॅन चालवायचं काम दिलं, आणि इथल्या या हौशी-पगारी मिसळीच्या क्लबात, पस्तिशीत, तो जन्मात पहिल्यांदा एक नंबरचा गोलकीपर झाला. फाउस्तोला गल्लीतली पोरंसुद्धा नावानं ओळखत. त्याला त्याचं इतकं अप्रूप होतं, की सामन्यानंतरही तो बराच वेळ गोलपोस्टजवळ रेंगाळायचा.

त्या संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, सुटल्यावर मनाशेंनी जेवताना सहज बोलावं तसं खळग्याचं सांगितलं. सिमाबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. एका मोठ्या इस्पितळाच्या न्यूरोलॉजी वॉर्डात त्या सव्वीस वर्षं वॉर्ड क्लार्क होत्या. त्यांनी डॉक्टरसारखे प्रश्न विचारले. दोन्ही हात की एकच? डावाही जरा वाटतो, मनाशे म्हणाले. मुंग्या येतात? नाही. दुखतं? नाही. व्हॅनचा गिअर कसा टाकतो? मनाशेंना आठवलं, तळहाताच्या मुळानं ढकलून टाकतो.

"केव्हापासून?"

"तसं बघितलं तर फेब्रुवारीपासून."

"आणि तुम्ही टेप लावत बसलात."

"टेप लावला की नीट होतं त्याचं."

"नीट होत नाही, झाकलं जातं. अहो, मी असे हात बघितलेत वॉर्डात. आधी हात जातात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत. सोमवारीच त्याला जीपी डॉक्टरकडे पाठवा, आणि मॅनेजरलाही सांगा."

"औषध काय असतं त्याच्यावर?"

सिमाबाईंनी वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "तसं काही नाही. पण माणसाला स्वतःचं कळायला नको?"

औषध नाही, हे एवढंच मनाशेंच्या डोक्यात रुतून बसलं. सिमाबाईंचा पुढचा प्रश्न त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला, आणि पुढे जे झालं ते तिथूनच झालं.

कारण पुढच्याच आठवड्यात रोव्हर्सनं पात्रता फेरीतला शेवटचा सामना जिंकला आणि कपच्या मुख्य फेरीत त्यांची गाठ लीगमधल्या एका पगारी क्लबाशी पडली. सामना मिल लेनवरच. क्लबाच्या चाळीस वर्षांत असं घडलं नव्हतं. मैदानावर लाकडी फळ्यांचा जादा स्टँड उभा राहायला लागला. कुणीतरी शेडला रंग दिला. पलीकडे कपची फायनल जिथे होणार त्या नव्या वेम्बली स्टेडियमची कमान नुकतीच आभाळात चढली होती, आणि तिच्याकडे बोट दाखवून पोरं काहीबाही स्वप्नं बोलत होती. स्थानिक पेपरवाल्यानं फाउस्तोचा फोटो छापला. चाळिशीतला इटालियन भिंतीसारखा उभा आहे, असं त्याखाली लिहिलं.

मनाशेंनी तरीही एकदा विषय काढला. सरावानंतर दोघं चहा पीत होते. फाउस्तोनं चहाचा मग दोन्ही तळव्यांमध्ये धरला होता, थंडीत धरतात तसा. मनाशे म्हणाले, हात एकदा डॉक्टरला दाखव. फाउस्तोचा चेहरा बंद झाला. दोघांचं इंग्रजी आपापल्या गावाहून आणलेलं, त्यामुळे बोलणं नेहमी थोडक्यात व्हायचं. त्या दिवशी मात्र तो बराच वेळ बोलला.

सव्विसाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा मोठी संधी मिळाली होती. पहिला गोलकीपर तापानं आडवा, स्टेडियम भरलेलं, वडील गावाहून मुद्दाम आलेले. विसाव्या मिनिटाला त्याचं बोट मोडलं. मध्यांतराला क्लबच्या डॉक्टरनं विचारलं, काही त्रास आहे का, आणि यानं खरं ते सांगितलं. डॉक्टरनं त्याला कोट घालून बाकावर बसवलं. एकोणीस वर्षांचा तिसरा गोलकीपर आत गेला आणि वर्षभर बाहेर आलाच नाही. वडील परत जाताना फाउस्तोला म्हणाले होते, बोट तर दहातलं एक होतं.

"डॉक्टर हात बघत नाही, मनाशे. तो तुझी जागा बघतो. कप होऊ दे. सोमवारी तू म्हणशील तिथे येतो."

"नक्की येशील?"

"नक्की."

मनाशेंनी मान हलवली. औषध तर नाहीच, मग या माणसाकडून हा एक सामना तरी कशाला काढून घ्यायचा, असा त्यांनी हिशोब केला. मॅनेजर पद्माकर नेने हा पुण्याहून येऊन इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत स्थिरावलेला, फुटबॉलच्या वेडापायी शनिवार-रविवार क्लबला देणारा माणूस. त्यानं दोनदा विचारलं, "काका, फाउस्तो फिट आहे ना? तुमच्या हातातूनच जातो तो." मनाशे म्हणाले, फिट आहे. घरी सिमाबाईंनी विचारलं, सांगितलंत का? ते म्हणाले, सांगितलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, आणि ते बायकोशी असं खोटं पहिल्यांदाच बोलले.

त्या तीन आठवड्यांत मनाशेंनी जीव ओतून काम केलं. अंगठा आत वळायचा, म्हणून त्याला बाहेरून आधार देणारी टेपची पट्टी बसवली. हातमोज्यांत पोकळी राहायची, म्हणून उशीतला स्पंज कापून तळव्याला आतून चिकटवला. चेंडू निसटू नये म्हणून बोटांच्या टोकांना आणखी एक थर दिला. सरावात फाउस्तो खूश झाला. हात पुन्हा पहिल्यासारखे वाटतात, म्हणाला. मनाशेंना आनंद झाला, पण आत काय उरलं आहे हे फक्त त्यांना माहीत होतं. टेप सोडताना ते आता त्या खळग्याकडे बघत नसत. फुरफुर मात्र बोटांना लागायचीच. आता ती दंडापर्यंत गेली होती.

सामन्याच्या दिवशी दोन हजार लोक आले. बांधायला पाऊण तास लागला. फाउस्तो उठला आणि त्यानं मनाशेंच्या डोक्यावर मोज्यानं टपली मारली.

पहिला अर्धा तास त्यानं कमाल केली, हे कुणीही सांगेल. पायानं अडवलं, छातीवर घेतलं, एकदा तर आडवा झेपावून चेंडू मनगटानं बाहेर काढला. स्टँडवर लोक त्याच्या नावानं गात होते. मनाशेंच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. पडल्यावर तो हात टेकून उठत नव्हता, कोपरावर वळून, गुडघ्यावर येऊन उठत होता. शेजारी पद्माकर टाळ्या वाजवत होता. मनाशेंचे हात खिशातच राहिले.

गोल एकोणऐंशीव्या मिनिटाला झाला. त्यात काहीच नव्हतं. कुणीतरी लांबून उंच, मऊ चेंडू टाकला, जवळपास कुणी नव्हतं, आणि फाउस्तोनं तो निवांत छातीसमोर घेतला. घेऊन तो पुढे बघायला लागला, कुणाकडे फेकावा म्हणून. चेंडू त्याच्या दोन्ही हातांतून खाली पडला, पायाला लागून मागे गेला आणि रेषेपलीकडे थांबला. फाउस्तो तरीही पुढेच बघत होता, हात छातीशी, चेंडू धरल्यासारखे.  मग पाहुण्यांच्या बाजूनं हशा आला, मोठा, आणि तो बराच वेळ थांबला नाही. रोव्हर्सचा बचावातला सेंटर-बॅक ओरडला तेव्हा फाउस्तोनं खाली पाहिलं.

एक-शून्यनं सामना गेला. ड्रेसिंग रूममध्ये कुणी त्याला दोष दिला नाही. पद्माकर पाठीवर थाप मारून गेला, बाकीचेही एकेक करून गेले. फाउस्तो बाकावर बसून होता. मनाशेंनी कात्री घेतली आणि त्याच्या समोर बसले.

"माझ्या हातात होता," फाउस्तो म्हणाला. "मनाशे, खरं सांगतो. पडल्याचं मला कळलंच नाही. हातात होता."

मनाशेंच्या हातातली कात्री थांबली. इतके थर, इतका स्पंज. पकड तर गेलीच होती, पण चेंडू हातात आहे की नाही हे सांगणारं जे काही उरलं होतं, तेही त्यांनी आपल्या हातानं बंद करून टाकलं होतं. आपण याला एक सामना दिला असं ते समजत होते. त्यांनी याला तो हशा दिला होता. मनाशेंना रडू आवरलं नाही. त्यांनी सगळा टेप कापला, फाउस्तोचे दोन्ही हात दिव्याखाली धरले आणि म्हणाले, "बघ. आज नीट बघ." फाउस्तोनं पाहिलं. बहुधा वर्षभरात पहिल्यांदाच. बराच वेळ तो स्वतःच्या हातांकडे दुसऱ्या कुणाचे असावेत तसा बघत राहिला.

घरी जाऊन मनाशेंनी सिमाबाईंना सगळं सांगितलं, खोटं बोलल्याचंसुद्धा. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जुन्या ओळखीतून त्यांनी फोन केले आणि जानेवारीतली तारीख मिळवली.

इस्पितळातली डॉक्टर तरुण होती, शांत आवाजाची. फाउस्तोनं इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि जाकीट घातलं होतं. सोबत मनाशे आत गेले, कारण त्याला दुसरं कुणी नव्हतं. डॉक्टरनं विचारलं, हे कधीपासून?

"दोन-तीन आठवडे," फाउस्तो म्हणाला. सवयीनंच म्हणाला.

मनाशेंनी घसा खाकरला. "मागच्या फेब्रुवारीपासून. पहिल्यांदा उजवा अंगठा. ऑगस्टमध्ये डावा. नोव्हेंबरात दंड. मी बांधत होतो, मला माहीत आहे."

डॉक्टरनं लिहून घेतलं. फाउस्तोनं मनाशेंकडे पाहिलं. रागावला नव्हता तो. बाकावर बसायला सांगितलेल्या माणसासारखा दिसत होता.

मग शर्ट काढायला सांगितला. खांदे, पाठ, जीभ, गुडघे, सगळं पाहून झालं. डॉक्टरनं हातोडी ठेवली, काही तपासण्या लिहिल्या, आणि त्या झाल्यावर आपण सविस्तर बोलू असं म्हणाली. सविस्तर हा शब्द तिनं फार सांभाळून उच्चारला. आता कपडे घालायला हरकत नाही, म्हणाली.

फाउस्तोनं शर्ट अंगात चढवला आणि वरच्या बटणाला हात घातला. बटण बोटांतून निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. मनाशे खुर्चीतून अर्धे उठले. फाउस्तोनं मान वर न करता नुसती हलवली, नको. मनाशे बसले. काय करावं ते न कळून त्यांनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. डॉक्टरही कागद बाजूला ठेवून थांबली. बाहेर कुणाचंतरी नाव पुकारलं गेलं. फाउस्तोनं अंगठा सोडून दिला, दोन बोटांच्या पेरांत बटण पकडलं, काजाच्या कडेला टेकवलं आणि दुसऱ्या हाताच्या मुळानं आत ढकललं. एक लागलं. तो दुसऱ्याकडे वळला. शर्टाला सात बटणं होती, आणि कुणालाच घाई नव्हती.