दहा मिनिटांत तरुण झालेली गाडी

मी बोलतेय, गॅरेजच्या दारातली ती चकचकीत करडी मोटार. चकचकीत म्हणवून घ्यायचीही आता लाज वाटते.

वीस वर्षांपूर्वी औषधं विकत फिरणाऱ्या एका माणसानं मला घेतलं आणि गावोगाव पिटाळलं. दोन लाख चाळीस हजार किलोमीटर! त्याची तक्रार नाही, धावायलाच तर जन्मले होते.

पुढे मी जुन्या गाड्यांच्या दलालाकडे आले. त्याच्या माणसानं लॅपटॉप जोडला आणि दहा मिनिटांत माझ्या मीटरवर साठ हजार! "झाली बघा पोरगी तरुण," दलाल टाळी देत म्हणाला. खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्याच झाल्या.

शेजारी पंचेचाळीस वर्षांची एक थोरली गाडी होती. गोल दिवे, हातानं फिरवायच्या काचा. तिच्या मीटरला आकडे पाचच, लाख भरले की आपोआप शून्य. लबाडी आयती हाताशी होती. पण तिच्या म्हाताऱ्या मालकानं मीटरखाली चिठ्ठी डकवलेली: 'दोनदा शून्यावर येऊन गेलाय.' काय हा भोळसटपणा, असं म्हणून मी मनात हसले.

एक दिवस एक नर्स वडिलांना घेऊन आली. त्यांना आठवड्यातून तीनदा टेकडीवरच्या इस्पितळात डायलिसिसला न्यायचं होतं.

"ही जुनी दणकट दिसते गं," वडील म्हणाले.

लेकीनं चिठ्ठी वाचली. "नको बाबा, दोन लाखांवर पळालीय. चढावर दगा देईल." माझा मीटर बघून मात्र ती हरखली.

वडिलांनी माझं स्टिअरिंग चाचपलं. "साठ हजारांत एवढं गुळगुळीत?"

"आधीच्या मालकाला सारखं पुसायची खोड होती," दलालानं ठोकून दिलं.

तेव्हा तरी मी अडून बसायचं! पण छे, पहिल्या किल्लीलाच सुरू झाले.

आज त्याच चढावर माझा क्लच जळला. बाबा मागे घामाघूम. एका टेम्पोवाल्यानं त्यांना वर पोचवलं, म्हणून बरं.

"मिस्त्री, माझंच चुकलं असणार," लेक रडवेली होऊन सांगतेय. "गाडी फारशी वापरलेली नाही हो. मलाच चढावर चालवता येत नाही."

मिस्त्रीनं माझ्या पेडलचं झिजून सपाट झालेलं रबर बघितलं, मग मीटर बघितला. आता तो फडक्याला हात पुसत बसलाय.

मिस्त्री, सांगून टाका हो तिला खरं काय ते. परवा बाबांना पुन्हा वर जायचंय, आणि ती मलाच घेऊन निघणार आहे.